पोरगं शाळेला दांडी मारतंय असं वाटतंय? आधी दिवस मोजा, मग आवाज चढवा

माझा मुलगा आठवीत असताना पहिल्या सहामाहीत त्याने किती दिवस शाळा बुडवली असं मला कुणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, पाच, फार तर सहा. मग एक दिवस वर्गशिक्षिकेने बोलावून कॅटलॉग माझ्यापुढे सरकवला आणि मी त्याच्या नावापुढचे लाल शाईतले 'गै' बोटाने मोजत गेले, १९ निघाले. त्यातले ११ माझ्या माहितीतले होते, ताप, पोटदुखी, दोनदा प्रवास, एकदा नुसतीच झोप झाली नाही म्हणून मीच राहू दे म्हटलेलं. उरलेले ८ दिवस तो युनिफॉर्म घालून, दप्तर घेऊन, डबा घेऊन घरातून निघाला होता आणि शाळेत पोचलाच नव्हता.

त्या ८ दिवसांचा राग आला, साहजिक आहे. पण नंतर डोक्यात राहिले ते आधीचे ११, कारण ते मला आठवतच नव्हते. आणि हे माझं एकटीचं नाही बरं का. अमेरिकेत फिलाडेल्फियात २८,०८० घरांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली छापून आला, तिथेही पालकांना वाटणारा आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी निघाला होता. त्यांनी काय केलं तर पालकांना साध्या टपालाने 'तुमचं मूल आत्तापर्यंत इतके दिवस गैरहजर आहे' एवढं कळवत राहिले, आणि तेवढ्यानेच फार जास्त गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त घटलं. कुणी रागावलं नाही, दंड नाही, नुसता आकडा. म्हणून माझा सगळा भर आधी मोजण्यावर आहे, बाकीचं त्यानंतर.

नियम काय आहे ते एकदा नीट समजून घ्या

नियम दोन वेगवेगळे असतात आणि लोक त्यांची खिचडी करतात. एक कायदा, मूल शाळेत असलं पाहिजे हा. दुसरा परीक्षेला बसू देण्यासाठीचा प्रेझेंटीचा टक्का, तो बोर्डाचा असतो.

आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण मूल दाखल होतंय, नियमित येतंय आणि आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करतंय हे बघायची जबाबदारी सरकारवर टाकलीय. या केंद्राच्या कायद्यात पालकांना दंडाची तरतूद नाही. पण चार गोष्टी अशा आहेत की ज्या पालकांना माहीतच नसतात. कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, म्हणजे 'फार दांड्या मारतोय, नाव कमी करतो' ही धमकी तिथे चालत नाही. कलम १७ प्रमाणे मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी. कलम २४ मला सगळ्यात कामाचं वाटतं, त्यात शिक्षकांनी पालकांच्या बैठका घेऊन मुलाची हजेरी, प्रगती याबद्दल त्यांना सांगायचं हे शिक्षकांच्या कर्तव्यातच लिहिलंय, म्हणजे तुम्ही आकडा मागता तेव्हा उपकार मागत नाही. आणि कायद्याच्या परिशिष्टात वर्षाला किमान कामाचे दिवस दिलेत, पहिली ते पाचवी २००, सहावी ते आठवी २२०. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे गणिताला लागतील.

बोर्डाचं म्हणाल तर सीबीएसईला दहावी-बारावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. आजारपण, राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचा खेळ, घरातला मोठा प्रसंग अशा कारणांसाठी २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते पण कागद असेल तरच, तोंडी सांगून काही होत नाही. आणि हिशेब धरतात परीक्षेच्या वर्षातल्या १ जानेवारीपर्यंतचा, त्यामुळे 'फेब्रुवारीत भरून काढू' याला अर्थ नाही. तुमचं बोर्ड दुसरं असेल तर शाळेच्या ऑफिसात टक्का आणि हिशेबाची शेवटची तारीख दोन्ही विचारा, फक्त टक्का विचारून घरी येऊ नका.

परदेशात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात, कारण तिकडे प्रकरण वेगळंच असतं. इंग्लंडमध्ये हजेरी अर्ध्या दिवसाची धरतात, सकाळची एक, दुपारची एक, आणि १० शालेय आठवड्यांत अशा १० अर्ध्या दिवसांची विनापरवानगी गैरहजेरी झाली की दंडाचा विचार सुरू होतो. ऑगस्ट २०२४ पासून तो दंड २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, नाहीतर १६०, आणि हा एका मुलामागे, एका पालकाला. विमानाचं तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून सुट्टी लागायच्या आधीच आठवडाभर निघणाऱ्यांनी हे वाचून ठेवा. अमेरिकेत दोन शब्द आहेत, एक विनाकारण दांडीसाठी आणि दुसरा एकूण गैरहजेरीसाठी, आणि दुसऱ्यात आजारपण, परवानगीची रजा सगळं मोजतात, वर्षाच्या १० टक्के दिवस गेले की मूल त्या यादीत. १८० दिवसांची शाळा धरली तर १८ दिवस, म्हणजे महिन्याला जेमतेम दोन. जपानमध्ये आजारपण किंवा पैशाची अडचण सोडून वर्षाला ३० दिवस किंवा जास्त न आलेल्या मुलांची वेगळी नोंद होते.

पायरी पहिली: कॅलेंडर आणि पेन

शाळेचं ॲप असेल तर त्यातून, नसेल तर वर्गशिक्षकांकडून या वर्षाच्या गैरहजेरीच्या तारखा घ्या. टक्का घेऊ नका, तारखा घ्या. टक्का ऐकून माणूस निवांत होतो, ८८ टक्के म्हटलं की डिस्टिंक्शनसारखं वाटतं, पण २२० दिवसांत ८८ टक्के म्हणजे २६ दिवस घरी, म्हणजे महिनाभराची शाळाच गेली की.

मग उलटं गणित करा. समजा आत्तापर्यंत १२० दिवस शाळा झाली आणि पोरगी ८१ दिवस हजर आहे, म्हणजे ६७.५ टक्के. हिशेबाच्या तारखेपर्यंत अजून ८० दिवस आहेत. एकूण २००, त्याचे ७५ टक्के १५०, त्यातून ८१ गेले, उरले ६९. म्हणजे ८० पैकी ६९ दिवस जायलाच पाहिजे, हातात फक्त ११. हा ११ चा आकडा मुलीसमोर कागदावर काढा. लेक्चरपेक्षा ते पोरांना पटकन कळतं, डेटा पॅक संपत आलाय असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

तारखा कॅलेंडरवर गोल करताना दोन रंग वापरा, तुम्हाला माहीत असलेल्या निळ्या, माहीत नसलेल्या लाल. आणि उशिराच्या तारखाही टाका, कारण बऱ्याच शाळांत ठराविक वेळेनंतर आलं की तो अर्धा किंवा आख्खा दिवस गैरहजर धरतात आणि पोरगं तर म्हणतं मी गेलो होतो, खरंच गेलेलं असतं. चुकाही होतात कॅटलॉगमध्ये, स्पर्धेला शाळेनेच पाठवलं आणि तरी 'गै' पडला असं होतं, ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या, तीन महिन्यांनी कुणाला काही आठवत नाही.

पायरी दुसरी: वार बघा

आमच्या ८ लाल गोलांपैकी ६ गुरुवार होते. आधी मला वाटलं गुरुवारी मित्राबरोबर कुठे जायचं ठरलेलं असेल, गेमिंग वगैरे. मग वेळापत्रक काढलं तर गुरुवारी चौथ्या तासाला विज्ञानाच्या वह्या तपासणी.

आणि मग सगळी साखळी दिसली. जूनमध्ये तापामुळे चार दिवस गेला नव्हता, त्या चार दिवसांचा धडा वहीत उतरवला नव्हता, गुरुवारी वही अपूर्ण म्हणून वर्गात उभं केलं, पुढच्या गुरुवारी परत उभं, तिसऱ्या गुरुवारी तो मित्राच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. आणि न गेल्यामुळे अजून एक धडा अपूर्ण, म्हणजे पुढचा गुरुवार अजून अवघड. त्याची ती वही मी उघडून बघितली तेव्हा मधली साडेनऊ पानं कोरी होती, वरती फक्त धड्याचं नाव दोन रेघा मारून सुबक लिहिलेलं, खाली काही नाही. साडेनऊ पानांसाठी आठ दिवस. मला हसावं की रडावं कळेना.

तर वार बघा, तास बघा. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस सारखा येत असेल तर झोपेचं वेळापत्रक किंवा घर सोडवत नाही हे कारण असू शकतं. पीटीचा दिवस असेल तर कपडे बदलायची लाज, शरीरावरून चिडवणं. चाचणीचा दिवस असेल तर भीती. फक्त दुपारनंतर गायब होत असेल तर ते बहुतेक बाहेरच्या मजेचं प्रकरण. सगळीकडे विखुरलेले असतील तर एक कारण नाही, सवय आहे, आणि खरं सांगायचं तर त्यात आपला हात असतो.

पायरी तिसरी: पळतंय कशापासून की पळतंय कशाकडे

शाळेत न जाणाऱ्या मुलांवर काम करणारे दोन मानसशास्त्रज्ञ, कर्नी आणि सिल्व्हरमन, यांनी १९९० मध्ये कारणांचे चार गट मांडले आणि आजही तेच वापरतात. शाळेतल्या कशाने तरी जीव घाबरतो ते टाळणं. लोकांसमोर बोलणं, परीक्षा, चिडवणं यातून सुटणं. घरच्यांचं लक्ष मिळवणं. आणि बाहेर काहीतरी भारी चाललंय म्हणून तिकडे जाणं. पहिली दोन पळ काढण्याची, पुढची दोन काहीतरी मिळवण्याची. उपाय पूर्ण उलटे आहेत, म्हणून इथे घाई करू नका.

चौथ्या गटातलं मूल, म्हणजे खरी दांडी, सहसा लपवतं, घरी कुणाला कळू देत नाही आणि त्या दिवशी मस्त मजेत असतं. तिथे पैसे, फोन, येण्याजाण्याच्या वेळा यावर लक्ष पाहिजे आणि शाळेकडून त्याच दिवशी मेसेज पाहिजे. पण पहिल्या दोन गटातलं मूल बऱ्याचदा सकाळी उलटी करेपर्यंत जातं, पोट खरंच दुखतं, आणि शाळेची वेळ टळली की दुखणं थांबतं. त्याला आपण नाटक म्हणतो. नाटक नसतं ते. त्याला कडक शिस्त लावली तर भीती वाढते आणि उद्या अजून अवघड होतं, नुसतं लाडाने घरी ठेवलं तरी तेच होतं, कारण घरी राहून बरं वाटलं हे अंगाला कळलेलं असतं. माझा तर दोन्हीचं मिश्रण होता, वहीला घाबरून निघाला आणि मग गच्ची आवडायला लागली.

तिसऱ्या गटात लहान मुलं जास्त. नवीन भाऊ-बहीण, आईबाबांपैकी कुणी आजारी, घरात भांडणं, यात मूल घरावर पहारा द्यायला थांबतं. त्याला शाळेचा काही त्रासच नसतो.

पायरी चौथी: बोलणं

'का नाही गेलास' हा प्रश्न विचारूच नका, त्याचं उत्तर 'असंच' हेच येणार. मी काय केलं, कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, हे बघ गुरुवारच जास्त दिसतायत, गुरुवारी चौथ्या तासाला काय असतं रे? तो बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाप करत बसला आणि मग म्हणाला, 'वही.' एवढंच. पण त्यापुढे सगळं आलं.

बसून समोरासमोर बोलण्यापेक्षा गाडीवर, भांडी लावताना, चालताना पोरं जास्त बोलतात, डोळ्यात बघायला लागत नाही ना. पहिल्या बोलण्यात शिक्षा जाहीर करू नका, आणि त्याच्या मित्रांना नावं ठेवू नका, तिथे तोंड बंद होतं ते होतंच. खोटं पकडायला सापळेही लावू नका, 'काय मग, आज शाळेत काय शिकवलं' असं माहीत असून विचारणं. मी विचारलं होतं. त्याने अख्खा तास रचून सांगितला, आणि नंतर आम्हा दोघांनाही त्याची लाज वाटत राहिली.

पायरी पाचवी: शाळेत जाऊन भेटणं

फोनवर नको, जाऊनच भेटा, आणि आधी वर्गशिक्षक, मुख्याध्यापक नंतर. आधी वर गेलात तर वर्गशिक्षक बचावाच्या पवित्र्यात जातात आणि रोज पोराला तेच बघणार आहेत. बरोबर कॅलेंडर न्या. तक्रारीच्या सुरात सुरुवात केलीत तर मीटिंग तिथेच संपली समजा.

मागायच्या गोष्टी नेमक्या ठेवा. पहिली, पहिल्या तासाची हजेरी झाली की गैरहजर असल्याचा मेसेज त्याच दिवशी, महिन्याच्या शेवटी नाही. दुसरी, अडचणीची जी जागा सापडलीय तिथे ठराविक मुदतीची सवलत. आम्ही एवढंच मागितलं की तीन आठवडे जुन्या पानांवरून त्याला उभं करू नका, रोज एक पान पूर्ण करून आणेल, चालू धडा मात्र वेळेवर. बाईंनी लगेच हो म्हटलं, त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं की पोरगं त्यामुळे येत नाही, त्यांच्यासाठी तो वह्या अपूर्ण असलेल्या १५ पोरांपैकी एक होता. तिसरी, न आलेल्या दिवसाचा अभ्यास कुणाकडून घ्यायचा त्या मुलाचं नाव. चिडवणं, मारहाण असं काही असेल तर मात्र हे सगळं लेखी द्या, तारखांसकट, आणि पोच घ्या. तरी हललं नाही तर शाळा व्यवस्थापन समितीकडे जा, कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत ती असते आणि त्यात तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

भेटून आल्यावर संध्याकाळी एक छोटा मेसेज किंवा चिठ्ठी पाठवा. 'आज बोलल्याप्रमाणे गैरहजर असल्यास त्याच दिवशी कळवाल, विज्ञानाची जुनी पानं अमुक तारखेपर्यंत पूर्ण होतील, तोपर्यंत वर्गात विचारणा नको, अमुक तारखेला परत भेटू.' बस.

पायरी सहावी: सकाळ, आणि घरी राहिलाच तर तो दिवस

सकाळची अर्धी लढाई रात्री असते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते, १३ ते १८ ला ८ ते १० तास, आता मागे मोजा आणि फोन किती वाजता हातातून जायला पाहिजे ते ठरवा. दप्तर, युनिफॉर्म, बूट रात्रीच.

आजारपणाचा नियम आधीच ठरवून भिंतीवर लावा म्हणजे सकाळी सात वाजता वाटाघाटी नकोत. आमचा असा आहे, ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर, उलटी, जुलाब, डॉक्टर म्हणाले तर, यात घरी, बाकी सगळ्यात शाळेत जायचं आणि तिथे त्रास वाढला तर मी घ्यायला येईन. हे शेवटचं वाक्य फार उपयोगी आहे. पोटदुखी सारखी होत असेल तर एकदा डॉक्टरांना दाखवाच, शारीरिक काही नाही हे कळल्याशिवाय आपणही ठाम राहू शकत नाही.

घरी राहिला तर तो दिवस कंटाळवाणा असला पाहिजे. शाळेच्या वेळेत टीव्ही नाही, फोन नाही, बाहेरून काही मागवणं नाही, पडून राहायचं, बरं वाटलं की वही. ही शिक्षा नाही, सुट्टी आणि आजारपण यातला फरक फक्त.

आणि ते खोटं पत्र, 'माझा पाल्य तापाने आजारी असल्यामुळे'. आपण सगळ्यांनी लिहिलंय कधी ना कधी. पण पोराला ते माहीत असतं आणि पुढच्या वेळी तुम्ही काय बोलणार. प्रवासासाठी रजा हवी तर प्रवास लिहा.

पायरी सातवी: परत जाणं

'सोमवारपासून नक्की' हे मान्य करू नका, उद्यापासून. घरी जितके दिवस जास्त तितकं परत जाणं जड. आख्खा दिवस झेपणार नसेल तर शाळेशी बोलून पहिले दोन-तीन दिवस अर्धा दिवस, पण रोज. गेटवर कुणी मित्र भेटणार असेल तर फार फरक पडतो. बक्षीस द्यायचं तर आठवड्याला छोटं, मोबाइलची लालूच दाखवली तर महिनाभर जाईल आणि हातात आल्यावर परत गच्ची.

दोन-तीन आठवडे हे सगळं करूनही मूल गेटच्या आत जात नसेल, किंवा खाणं-झोप बिघडली असेल, तर समुपदेशक, बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा. जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं तर मात्र त्याच दिवशी, थांबू नका, आणि मुलाला एकटं सोडू नका. आपल्याकडे मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

हजेरी कमी असल्याचं पत्र आलंच असेल तर

आधी रडारड बाजूला ठेवा आणि पत्रातले दिवस तुमच्या कॅलेंडरशी जुळवून बघा. मग कागद, प्रत्येक आजारपणाच्या तारखा आणि मेडिकल सर्टिफिकेटवरच्या तारखा तंतोतंत जुळल्या पाहिजेत, 'सप्टेंबरमध्ये आजारी होता' असं मोघम चालत नाही. सर्टिफिकेट त्या वेळचंच पाहिजे, आता जानेवारीत जुन्या तारखेचं आणायला जाऊ नका, पकडलं जातं आणि खरे कागदही संशयात येतात. सवलतीचा अर्ज शाळेमार्फतच पुढे जातो, म्हणून शाळेला मुदतीच्या दोन दिवस आधी नाही, पत्र मिळालं त्याच आठवड्यात द्या आणि झेरॉक्सवर शिक्का घ्या. क्लाससाठी म्हणून मुद्दाम शाळेला न जाणारी अकरावी-बारावीची पोरं असतील तर त्यांच्यासाठी सवलतीचा रस्ता नाहीच धरा, रोज शाळेत जायचंच नसेल तर मुक्त विद्यालयाची परीक्षा हा सरळ पर्याय आहे, तो वर्षाच्या सुरुवातीला निवडा, बोर्डाचा फॉर्म भरायच्या वेळी नाही.